थैलीतला अर्धा श्वास

नागोबाच्या वाडीत हल्ली सकाळच्या चहाआधी थैली फुगवायची पद्धत पडली होती. निदान ज्या घरातलं माणूस तालुक्याच्या दूध संघात कामाला होतं, त्या घरात तरी. महिन्यातून एकदा, अनशापोटी, तोंडात पाण्याचा घोटही न घालता, दुधाच्या पिशवीहून जराशी मोठी अशी पांढुरकी थैली ओठांना लावायची आणि भरेपर्यंत सावकाश फुंकत राहायचं. भरली की बूच आपोआप मिटायचं. मग थैलीच्या तळाची पट्टी गार पडायची, श्वासातली वाफ तिच्यावर दवासारखी धरायची आणि त्या दवात काय काय उतरलंय ते संघाच्या दवाखान्यातलं यंत्र वाचायचं.

त्या दवात जैवखुणा असतात, असं डॉक्टरांनी पहिल्याच सभेत समजावून सांगितलं होतं. फुप्फुस फुगलं की त्याला परत जागेवर आणणारे बारीक, लवचीक धागे असतात. धुरानं ते तुटू लागले की त्यांचे तुकडे आणि आतल्या सुजेची काही प्रथिनं श्वासावाटे बाहेर पडतात. माणसाला दम लागायच्या, क्ष-किरणात काही दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. यंत्र या सगळ्या खुणांचा मिळून एक आकडा काढायचं. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, पण लोकांनी त्याला ‘झीज’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळलं. “दुधाला फॅट किती लागली?” असं एकमेकांना विचारण्यात ज्यांची हयात गेली, ती माणसं आता त्याच सुरात विचारत, “झीज किती लागली?”

निवास लवटेला हा प्रश्न विचारलेला अजिबात खपत नसे. “लागली असंल कायतरी,” असं म्हणून तो सायकलवर टांग टाकायचा. कारण साधं होतं. तो भ्याला होता.

मिसरूड फुटायच्या आधीपासून निवास बिडी ओढत होता. संघात लागला तेव्हा फॅट काढायच्या टेबलावर होता, नंतर दूध गार करायच्या यंत्रावर, म्हणजे चिलिंगवर गेला. चिलिंगला अमोनिया लागतो, आणि तिथं चुकून गळती झाली तर धडधाकट माणसाचाही जीव घुसमटतो. म्हणून संघानं नियम केला होता की ज्याची झीज पन्नासच्या वर, त्यानं चिलिंगच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. निवासची गेल्या महिन्याची झीज चव्वेचाळीस लागली होती.

दवाखान्यात यंत्रावर बसणारी अलमास मुलाणी तेव्हा म्हणाली होती, “काका, घाबरायचं काम नाही. हा आकडा म्हणजे शिक्षा नव्हे. बिडी सोडली की तो हळूहळू उतरतो. उतरतोय का चढतोय, एवढंच तर आपण दर महिन्याला बघतो.” अलमास त्याच्या पोरीच्या वयाची, तिच्यासमोर त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, सोडली म्हणून. आठवडाभर सोडलीही. मग एका पहाटे हात आपोआप बंडलाकडे गेला, आणि राहिलेल्या दिवसांची उधारी फेडल्यासारखी त्यानं दुप्पट ओढायला सुरुवात केली. आता आकडा चढणार, हे त्याला यंत्रानं सांगायची गरज नव्हती.

काम सुटण्याची भीती होतीच, पण खरी भीती दुसरी होती. थोरला भाऊ अण्णा याच धुरानं गेला. शेवटचं वर्षभर अण्णा आडवा झोपला नाही. कॉटच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, समोरच्या भिंतीकडे बघत तो नुसतं श्वास घ्यायचं काम करायचा. कोणी आलं तरी मान वळवायचा नाही, कारण मान वळवली तर श्वास चुकेल. निवास त्याला भेटायला जायचा आणि बाहेर आल्या आल्या बिडी पेटवायचा. माणूस किती खुळा असू शकतो ते अशा वेळी कळतं.

थैलीचा दिवस जवळ आला तशी निवासची झोप उडाली. आणि मग त्याच्या डोक्यात एक युक्ती शिरली. दूध संघात उभा जन्म काढलेल्या माणसाच्याच डोक्यात शिरावी अशी ती होती. फॅटच्या टेबलावर असताना त्यानं कितीजणांना पकडलं होतं. म्हशीच्या दुधात गाईचं दूध ओतून आणायचे. घट्ट दुधात पातळ मिसळलं की फॅट मधेच कुठंतरी लागते. दोन दुधं सारखी घातली तर बरोबर मधोमध. निवास आकडा बघून सांगायचा, किती कशात मिसळलंय ते. त्यासाठी त्याला कागदपेन्सिल लागत नसे. मग श्वासाचं तरी काय वेगळं? अर्धी थैली आपली, अर्धी स्वच्छ माणसाची. झीज पार खाली येईल.

स्वच्छ माणूस घरातच होतं. त्याची बायको वैजयंता. तिनं आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं.

“वैजू, जरा हिकडं ये,” त्यानं पहाटे हाक मारली.

“चूल पेटवून येते की. पाणी ठेवायचं हाय.”

“न्हाई, चुलीच्या आधीच ये. आन् कायबी खाऊ-पिऊ नगंस.”

ती पदराला हात पुसत आली. त्यानं बेत सांगितला तशी ती डोळे मोठे करून बघत राहिली.

“म्हंजी भेसळ?”

“हळू बोल.”

“जन्मभर लोकांची भेसळ धरली, आन् आता सोताच बायकोचं पाणी घालाय लागला व्हय?” ती हसायला लागली आणि हसता हसता तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर तिनं डोळे पुसले. “आना हिकडं. कितीपतुर भरू?”

निवासनं थैलीच्या बरोबर मध्यावर अंगठा धरला. “हितपतुर. ह्याच्या वर एक फुंकर न्हाई.”

वैजयंता फुंकू लागली. एकदा थांबली. परत फुंकली. परत थांबली, चौकटीला टेकली आणि म्हणाली, “जडच हाय की मेली ही.” निवासचं लक्ष फक्त आपल्या अंगठ्याकडे होतं. थैली तिथपर्यंत आली तशी त्यानं ती तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि उरलेली एका दमात भरली. बूच मिटलं. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं चहा मागितला, नेहमीसारखा चुलीतला निखारा मागितला, आणि घरात बसूनच पहिली बिडी पेटवली.

संघात पोचल्यावर थैली खिडकीत ठेवून तो चिलिंगवर गेला. आज त्याला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं. टँकरवाल्याची त्यानं थट्टाही केली. सकाळचं दूध उतरून झालं आणि पाइप धुवायचं काम चाललं होतं, तेवढ्यात अलमासनं स्वतः दारापर्यंत येऊन त्याला खूण केली. एरवी ती फोनवर आकडा पाठवून मोकळी व्हायची. ती चालत आली, तसा निवासनं हातातला पाइप खाली ठेवला.

“काका, आत या. बसा.”

“बसत न्हाई. किती लागली?”

“एकसष्ट.”

“यंत्र बिघडलंय तुझं.”

“तुमच्या आधीची थैली बरोबर आली, नंतरचीही आली. मी पट्टी दोनदा लावून बघितली, काका. एका महिन्यात एवढी चढत नाही झीज. काय झालंय? ताप होता का? छातीत दुखतं का?”

पण निवासचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात फॅटचं टेबल आपोआप सुरू झालं होतं. दोन दुधं सारखी घातली, मिसळ लागली एकसष्ट. त्यातलं एक चव्वेचाळीसचं. मग दुसरं कितीचं? हा हिशोब त्यानं आयुष्यात इतक्या वेळा केला होता, की तो करायचा नाही असं ठरवलं तरी डोकं ऐकेना. अठ्ठ्याहत्तर. कुणी शेजारी उभं राहून कानात सांगावं तसं उत्तर आलं.

नाही, असं नसेल. माझीच वाढली असेल. महिनाभर दुप्पट ओढली की आपण, वाढणारच. साठ झाली असेल, सत्तर झाली असेल. अण्णाचीही अशीच एकदम वाढली असणार, तेव्हा मोजायला कुणाकडे काय होतं?

“अलमास, मला दुसरी थैली दे. आत्ता फुंकतो.”

“आत्ता? तुम्ही अनशापोटी नाही. आणि बिडी कधी ओढलीत?”

“पहाटं.”

“मग थोडा वेळ बाहेर बसा. नुसता अंदाज येईल. पक्का आकडा नाही म्हणता यायचा.”

दवाखान्याबाहेरच्या बाकावर निवास बसला. खिशातल्या बंडलाकडे हात गेला आणि त्यानं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. गेले कितीतरी दिवस तो देवाला सांगत होता की माझी झीज पन्नासच्या आत राहू दे. आता तोच माणूस त्याच देवाला विनवत होता, माझी वाढू दे. माझीच वाढू दे. काम जाऊ दे, कॉटच्या कडेला बसव, पण माझीच निघू दे. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, याचं डोकं फिरलंय.

अलमासनं हाक मारली. त्यानं थैली फुंकली. पट्टी गार पडली. मग यंत्राच्या काचेवर आकडा उमटला आणि अलमासचा चेहरा उजळला.

“सत्तेचाळीस! बघा, मी म्हटलं नव्हतं का, एवढी चढतच नाही. उगीच घाबरवलं तुम्हाला. सकाळच्या थैलीतच काहीतरी…”

ती बोलता बोलता थांबली. निवास खाली फरशीवर बसला होता. त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं. चांगला आकडा ऐकून माणूस असा कोसळलेला अलमासनं कधी बघितला नव्हता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि अगदी हळू विचारलं, “काका, सकाळची थैली कुणाची होती?”

निवासनं सगळं सांगितलं. भेसळ करणारे त्याच्यासमोर जशा माना खाली घालून उभे राहायचे, तशीच मान खाली घालून सांगितलं. अलमासला राग आला असणार, पण तिनं तो गिळला. तिला आता दुसरंच काहीतरी दिसत होतं.

“काकींनी कधी बिडी, तंबाखू…?”

“हातबी लावला न्हाई.”

“चूल आहे घरात?”

“गॅस हाय की.” मग तो अडखळला. “पर पाणी चुलीवरच तापतं. आन् भाकरी. मला गॅसवरची भाकरी ग्वाड लागत न्हाई.”

“गोठ्यात धुरी करता?”

“रोज सांजंला. डासं लई. शेणी आन् लिंबाचा पाला. तीच करती.”

“आणि तुम्ही बिडी कुठं ओढता, काका?”

हिवाळ्यात दार लावून, वाकळ पांघरून, अंथरुणातच ओढलेली दिवसाची पहिली बिडी निवासला आठवली. शेजारी ती पाठ करून झोपलेली असायची. पंचवीस हिवाळे तरी गेले असतील असे. अलमासनं उत्तराची वाट बघितली नाही.

“ही तपासणी आली ती बिडी-सिगारेट ओढणाऱ्या कामगारांसाठी,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “घरातल्या बायकांना थैली द्यायची, असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही आलं.” मग ती उठली, कपाटातून एक कोरी थैली काढून तिनं त्याच्या हातात दिली. “उद्या सकाळी. त्यांची एकटीची. आणि काका, आजच्या मिसळीचं मला वर कळवावंच लागेल.”

“कळीव.” त्याला खरोखरच त्याचं काही वाटलं नाही. दारापर्यंत जाऊन तो परत वळला. “अलमास, ते तुटल्यालं धागं परत जुळत्यात का गं?”

“नाही, काका. पण पुढचे तुटायचे थांबवता येतात. धूर पूर्ण बंद झाला, औषध वेळेवर सुरू झालं, तर कधी कधी.”

“कधी कधी म्हंजी?”

“आधी थैली आणा,” ती म्हणाली.

निवास घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. लांबूनच त्याला गोठ्याच्या पत्र्याखालून निघणारा निळसर धूर दिसला. इतकी वर्षं तो धूर दिसला की त्याला घर आल्यासारखं वाटायचं, पाय आपोआप सैल पडायचे. आज त्यानं सायकल रस्त्यातच टाकली आणि पळत सुटला.

गोठ्यात वैजयंता घमेल्यावर वाकली होती. शेणी ओलसर होत्या, नीट धरत नव्हत्या. ती लोखंडी फुंकणी तोंडाला लावून फुंकत होती, थांबत होती, परत फुंकत होती. प्रत्येक फुंकरीआधी ती धुरातलाच श्वास ओढून घेत होती. एके काळी म्हशीशी बोलत बोलत ती हे काम करायची, तिला सासूच्या कागाळ्या सांगायची. ते बोलणं कधी थांबलं, निवासला आठवेना. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरून येताना ती दोनदा बसली होती, तेव्हा तो म्हणाला होता, “म्हातारी झालीस की गं!” आणि दोघंही हसले होते.

त्यानं फुंकणी हिसकावली आणि बादलीभर पाणी घमेल्यात ओतलं. फस्सकन वाफ उठली. म्हैस दावं ताणून मागं सरली.

“आवं, खूळ लागलं का काय?” वैजयंता ओरडली. “डासं फोडून खातील तिला!”

“खाऊ दे. मच्छरदाणी आनतो उद्या. तू आधी भाईर चल.”

तिला दंडाला धरून त्यानं अंगणात आणलं. ती पायरीवर बसली. तिला धाप लागली होती. तिला भांडायचं होतं, पण भांडायला दम पुरेना. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, खांदे वर उचलले आणि समोरच्या भिंतीकडे बघत श्वासाची वाट बघत बसली.

ती बसण्याची तऱ्हा निवासला पाठ होती. कॉटच्या कडेला वर्षभर त्यानं ती बघितली होती. त्याला वाटलं, आत्ता ती मान वळवून आपल्याकडे बघणार नाही. पण तिनं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दलचीच काळजी होती.

“काय झालं? झीज चढली का? काम गेलं?”

“तसं न्हाई.”

“मग कशानं असं करायलायसा? तोंड बघा तुमचं, पांढरंफटक पडलंय.” तिनं त्याचा हात धरला. “हे बघा, कायबी निघू दे तुमचं. अण्णासारकं न्हाई हुयाचं. मी हाय की.”

सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही, पण त्यानं ते गिळले. तिची भीती त्याला सोसवली नसती, हे खरं. पण त्याहून मोठं खरं हे, की ती विचारील, कशानं झालं, तेव्हा तिच्याकडे बघायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. खिशातलं बंडल त्यानं मुठीत चुरगाळलं आणि परड्यापलीकडे उकिरड्यात फेकलं. उशीर झाल्यावर केलेल्या कामाला जेवढी किंमत असते, तेवढी त्याला होती.

सकाळी चूल पेटली नाही. निवास पहाटेच उठला, गॅसवर पाणी ठेवलं, घराची दोन्ही दारं सताड उघडली. वैजयंता उठून बसली तर समोर नवरा कोरी थैली घेऊन उभा.

“परत? कालच तर दिली.”

“आजबी द्यायची हाय.”

“किती भरू? अर्धीच न्हवं?”

“सगळी.”

“आन् तुमचा?”

“माझा नगं. फकस्त तुझाच.”

तिला गंमत वाटली. केस मागं सारत ती म्हणाली, “माझ्यात काय निघणार हाय? मी काय बिडी वडती?”

निवासनं थैली तिच्या हातात ठेवली. काल अंगठा धरला होता त्या जागी आज त्याचा हात नव्हता, पण नजर तिथंच खिळली होती. ती फुंकू लागली. थांबली. दाराकडे तोंड करून तिनं बाहेरची गार हवा ओढली आणि परत फुंकली. थैली हळूहळू वर येत होती. फुंक, वैजू, आणखी थोडी, तो मनात म्हणत होता. ती परत थांबली, छातीवर हात दाबला, पुन्हा ओठ लावले. गळ्याच्या शिरा ताठल्या, खांदे वर उचलले गेले आणि थैली बरोबर मध्यावर येऊन थबकली.

वैजयंतानं तोंड बाजूला केलं. धाप लागली असतानाही ती ओशाळून हसली, जत्रेतल्या खेळात हरल्यासारखी. अर्धी थैली तिनं त्याच्यापुढे धरली.

“म्होरं भरंना की ही,” ती म्हणाली. “ऱ्हायल्याला अर्धा तुमचा घालता का?”